वीस फुटांची होडी, छोटी गाडी

आर्डिथ स्प्रेगच्या ट्रकला मी तपासणीचं स्टिकर नाकारलं आणि त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सव्वाशे वस्तीच्या गावात अकरा दिवस अबोला धरणं म्हणजे चेष्टा नाही. दुकान एक, पोस्ट एक, चर्च एक आणि गॅरेज एक, ते माझं. दिवसातून दोनदा तरी आम्ही समोरासमोर यायचो आणि ती माझ्याकडे रस्त्यातला खांब बघावा तशी बघून पुढे जायची.

पण मी तरी काय करणार होतो? आमच्या मेन राज्यात, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंड खातं. तिच्या ट्रकची चासी पान्याने टोचली, तर पाना आरपार गेला. अशा ट्रकला स्टिकर लावून रस्त्यावर सोडायला मी काय तिचा वैरी आहे? हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग वैरी कसा असतो ते तरी सांग." आणि गेली.

तिच्या रागाचं कारण ट्रकपेक्षा मोठं होतं, ते मला ठाऊक होतं. आर्डिथ गाइड आहे. बाहेरगावचे लोक मासे धरायला येतात, त्यांना आम्ही स्पोर्ट म्हणतो. त्या स्पोर्टना होडीत बसवून तळ्यावर न्यायचं, मासे दाखवायचे, दुपारी किनाऱ्यावर चूल पेटवून तेच मासे बटाट्याबरोबर तळून वाढायचे, हे तिचं काम. अडतीस वर्षं करते आहे. आमच्याकडे तळी चौदा. वारा कुठून आहे ते सकाळी बघायचं आणि त्यावरून कुठल्या तळ्यावर जायचं ते ठरवायचं. म्हणून गाइडची होडी पाण्यापेक्षा जास्त ट्रेलरवर असते. ज्याला आपली होडी ओढून नेता येत नाही, तो आमच्यात गाइड राहत नाही. त्याला कुणी काढून टाकत नाही. स्पोर्ट जिथे उतरतात त्या लॉजचा मालक फक्त सीझनच्या आधी गोड आवाजात म्हणतो, "यंदा तुम्ही जेवणाचं बघाल का?" मग तो माणूस किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या स्पोर्टसाठी बटाटे सोलतो आणि आयुष्यभर सोलत राहतो. तिथून परत होडीत बसलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

आर्डिथ एकाहत्तर वर्षांची. आणि मी स्टिकर नाकारलं तेव्हा सीझन तीन आठवड्यांवर.

बाराव्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात एक निळी गाडी येऊन थांबली. चार दारांची, छोटी, बँगोर शहरातल्या बायका भाजी आणायला नेतात तसली. आतून आर्डिथ उतरली. अंगात तोच तिचा लाल चौकड्यांचा लोकरी कोट.

"पोरीची गाडी आहे," ती म्हणाली. "तिने नवी घेतली, ही मला दिली. हिला मागे हूक लाव."

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

"हस, हस. दात पडायच्या आत हसून घे." तिने गाडीचं पुस्तक माझ्या हातात कोंबलं. एका पानाला घडी घातलेली होती. "वाच. पंधराशे पौंड ओढते म्हणून लिहिलंय. माझी होडी एकशे नव्वद. ट्रेलर तीनशे. मोटर पंचाण्णव. बाकी तवे, बर्फाची पेटी, पेट्रोल, सव्वाशे धर. झाले किती?"

"सातशे दहा."

"मग तुझं हसणं कितीत बसवायचं?"

तेवढ्यात मर्ल हॅन्सकम डोकावला. मर्ल पण गाइड, आर्डिथपेक्षा सात वर्षांनी धाकटा, आणि त्याचा ट्रक एवढा उंच की चढताना त्याला स्वतःलाच धाप लागते. "हूक कशाला हवा?" तो म्हणाला. "टपावर बांध की सरळ. होडी वीस फुटी, गाडी तेरा फुटी. वरून गाडी दिसणारच नाही. लोकांना वाटेल आर्डिथ होडी डोक्यावर घेऊन पळतेय."

"टपाला एकशे पासष्ट पौंडच चालतात," आर्डिथ म्हणाली, "नाहीतर तुला वर बसवून आधी बघितलं असतं."

मर्ल गेला आणि मी बाह्या सरसावल्या.

ही होडी काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सीडरच्या लाकडाच्या पातळ फळ्या, आत वाफेवर वाकवलेल्या फासळ्या, वरून कॅनव्हास आणि त्यावर हिरवा रंग. मागचं टोक आडवं कापलेलं, मोटर लावायला. अशा होड्या, कॅनू म्हणतात त्यांना, आमच्याच भागात बनतात आणि बनवणारे पुरुष बोटांवर मोजण्याइतके. आर्डिथने ही स्वतः बनवली. तिला कुणी शिकवेना म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेडमध्ये ती दोन हिवाळे झाडू मारत राहिली आणि बघत राहिली. तिसऱ्या हिवाळ्यात आपल्या अंगणात वाफेची पेटी मांडली. पहिल्या नऊ फासळ्या मोडल्या. दहावी वाकली. आज त्या होडीला चौतीस वर्षं झाली आणि तिच्यात कपभर पाणी झिरपत नाही. लॉजचा नवा मालक कर्टिस तिला म्हणाला होता की आमची फायबरची बोट वापरा, ती धक्क्यालाच असते. त्यावर ती काय म्हणाली ते मी लिहीत नाही.

हुकाचं काम मला सोपं वाटलं होतं. गाडी जॅकवर घेतली, मागचा बंपर उतरवला, खाली शिरलो. आर्डिथ बादली पालथी घालून शेजारी बसली आणि पाने देऊ लागली. मागितलेला पाना द्यायचाच नाही, तिला योग्य वाटेल तो द्यायचा, अशी तिची पद्धत. नऊपैकी सात वेळा तिचाच पाना बरोबर निघाला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. चासीच्या दोन्ही बाजूंची भोकं तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केली. लोखंडी आडवा दांडा वर धरून आठ बोल्ट बसवले आणि मोजून आवळायच्या पान्याने एकेक कट्ट वाजेपर्यंत आवळला. मग त्यावर गोळा बसवला, ट्रेलरची खोबण ज्यावर बसते तो. मागच्या दिव्यांतून वायर काढून ट्रेलरच्या दिव्यांना जोड दिला. दोन साखळ्या खालून एकमेकींवर आडव्या लावल्या, म्हणजे खोबण निसटलीच तर ट्रेलरची पुढची दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

"मीठ लागलं तर?" तिने विचारलं.

"दोन हात रंग देतो."

"तीन दे. तुझा भरवसा नाही, उद्या हिलाही नापास करशील."

ट्रेलरवर होडी बांधायची वेळ आली तेव्हा मी नवेकोरे पट्टे काढले, खटका दाबत आवळायचे असतात ते. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात भिरकावले.

"अगं ते मजबूत असतात!"

"म्हणूनच नको. खटका दाबणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. एक खटका जास्त झाला की फासळी गेली. दोरीला हाताची अक्कल असते." मग तिने तिची जुनी दोरी काढली, होडीच्या काठावरून टाकली, मधेच एक फास घातला, खालच्या कडीतून शेपूट ओवून त्या फासातून खाली ओढलं. गाठ आवळली तशी होडी खालच्या गालिच्याच्या तुकड्यांवर हलकेच बसली. तिने काठावर बोटाने टिचकी मारली, कान लावला, आणि अर्धा इंच सैल केलं. पुढून दोन, मागून दोन आणि मधे एक, अशा पाच ठिकाणी तिने हेच केलं. मी उभा राहून बघितलं. छत्तीस वर्षं लोखंड आवळतोय, पण असा हात मला नाही.

सीझन शनिवारी सुरू होणार, म्हणून गुरुवारी सकाळी चाचणी. तिने सगळं सामान भरलं. पूर्वी तवे, पेटी, पेट्रोलचा डबा ट्रकच्या हौद्यात जायचे. आता ट्रक नाही आणि गाडीची डिकी दोन जाड जाकिटांनी भरते. म्हणून सगळं होडीतच ठेवलं. कुठे ठेवलं? जिथे तिचा हात अडतीस वर्षं जातो तिथे. मागच्या टोकाला, गाइडच्या बैठकीपाशी. मोटर तर मागे लावलेलीच, ती आमच्याकडे कुणी काढतच नाही. एप्रिलमध्ये लावायची, ऑक्टोबरमध्ये काढायची.

ट्रेलर सामान भरायच्या आधीच गाडीला जोडला होता; भरून झाल्यावर आम्ही दोघंही मागे जाऊन वाकून बघू लागलो. सगळ्या गावाचा होरा होता की एवढासा जीव भाराने मागून खाली बसणार. पण गाडीची पाठ तसूभरही खाली गेली नाही. उलट किंचित वरच वाटली.

"बघ!" मी तिच्या पाठीवर थाप मारली. "दणकट आहे पोरगी!"

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली. आम्ही दोघं लग्नाच्या वरातीत निघावं तसे ताठ बसून निघालो.

आमच्या गावाला एकच उतार आहे. चर्चपासून दुकानापर्यंत सरळ, आणि हिवाळ्यात खालची जमीन गोठून फुगते त्यामुळे वसंतात त्या रस्त्याला उंचवटे आलेले असतात. दुकानाच्या पायऱ्यांवर मर्ल आणि दोन-चार गाइड कॉफी घेऊन बसले होते. कर्टिसही होता. बसतील नाहीतर काय, सगळ्यांना वार्ता होती. चर्चपाशी वेगाचा काटा ताशी चाळीस मैलांवर. पहिला उंचवटा आला, गेला. पंचेचाळीस. दुसऱ्या उंचवट्यावर मला आरशात होडीचं टोक डावीकडे दिसलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला जास्त. गाडीची पाठ कुणी कॉलर धरून हलवावी तशी हलायला लागली. मी ओरडलो, "ब्रेक!" आर्डिथने ब्रेक मारला नाही. तिने फक्त पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. मी आज इथे बसून हे लिहितोय ते त्यामुळे. गाडी हळू झाली, पण ट्रेलरचं उजवं चाक दुकानाच्या अलीकडे चिखलाच्या चरात उतरलं आणि सगळं वाकडं होऊन थांबलं. पायऱ्यांपासून वीस पावलांवर.

होडीला ओरखडासुद्धा नव्हता. पाचही गाठी जिथल्या तिथे. पण ते कोण बघतंय?

"आर्डिथ," मर्ल पायऱ्यांवरून ओरडला, "होडी पाण्यात चालवतात गं! गाडीमागे नाचवत नाहीत!"

मी खाली उतरलो आणि रस्त्याला शिव्या घातल्या. उंचवटे, जिल्ह्याचे इंजिनिअर, त्यांचे आईबाप, सगळ्यांचा उद्धार केला.

"नाचता येईना अंगण वाकडं," मर्ल म्हणाला.

सगळे हसले आणि मग त्याच सगळ्यांनी मिळून ट्रेलर चरातून उचलून बाहेर काढला. हे आमच्या गावाचं आहे, हसतील आणि उचलतीलही. पण कर्टिस हसला नाही. तो चांगला मुलगा आहे, तिशीचा, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तो आर्डिथजवळ आला, टोपी काढली, आणि म्हणाला, "आर्डिथ, शनिवारी डॉक्टर येतायत. त्यांना मर्लबरोबर पाठवतो. तुम्ही... यंदा जेवणाचं बघाल का? तुमच्या हातच्या बटाट्यांना तोड नाही."

डॉक्टर हॅलोरन एकोणीस वर्षं आर्डिथच्या होडीत बसतात. दुसऱ्या कुणाच्या होडीत त्यांनी पाय ठेवलेला नाही.

मर्लला उत्तर द्यायला आर्डिथला क्षणही लागत नाही, पण त्या मुलासमोर तिने मान खाली घातली. मला तिचा चेहरा बघवेना. मी तिला चाळीस वर्षं ओळखतो, नवऱ्याला पुरलं त्या दिवशीही तिची मान अशी खाली गेली नव्हती.

शुक्रवारी सकाळपासून मी गाडीखाली. एकेक बोल्ट पुन्हा तपासला. एकही सैल नाही. चाकांत हवा बरोबर, बेअरिंगमध्ये ग्रीस बरोबर. काम चोख होतं आणि तरी ट्रेलर नाचला होता, याचा मला असा संताप आला की पाना भिंतीवर फेकला.

"गाडीच हलकी," मी म्हणालो. "सोड आता. निदान यंदा सोड."

आर्डिथ बादलीवर बसलेली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली.

ट्रेलर सोडवून बाजूला ढकलावा म्हणून खोबण उघडली आणि दांडीला हात घातला. सातशे पौंडांचा ट्रेलर, मी दोन्ही पाय रोवून, कंबर सांभाळून जोर लावला, आणि दांडी अशी फटकन वर आली की मी मागे पडता पडता वाचलो. एका बोटाने उचलली असती तरी आली असती. मागे होडीचं बूड धाडकन जमिनीला टेकलं.

आम्ही दोघं त्या वर गेलेल्या दांडीकडे बघत राहिलो.

"लेलंड," आर्डिथ हळूच म्हणाली, "आपला स्पोर्ट मागे बसलाय."

मला लगेच कळलं आणि लाज वाटली. होडीत जाडा माणूस मागे बसला की पुढचं टोक वर येतं. मग वारा त्या टोकाला हवं तिकडे वळवतो आणि गाइडचं काही चालत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोटर मागे, पेटी मागे, पेट्रोल मागे, तवे मागे. ट्रेलर साफ उलाळ, म्हणजे मागे जड, झाला होता, आणि गाडीची पाठ जी वर राहिली म्हणून मी थाप मारली होती, ती ताकदीने राहिलेली नव्हती. ट्रेलरच तिला वर उचलत होता. म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांची रस्त्यावरची पकडच गेली होती. मोठ्या ट्रकमागे हे कुणाला कधी कळलं नाही, कारण सामान हौद्यात असायचं आणि ट्रक आपल्या वजनाने ट्रेलरला दाबून धरायचा.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली, "मी बँकेच्या मॅनेजरांना सांगतेय, न्यायाधीशांना सांगतेय, की साहेब, पुढे सरका. आणि स्वतःचा ट्रेलर..."

"मी पण बघितलं नाही. मी तर मेकॅनिक."

"तू तर गाढवच आहेस. पण मी गाइड आहे." आणि ती हसली. कालपासून पहिल्यांदा हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसलंच झालं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. मोटर उतरवली, जुन्या रजईत गुंडाळून होडीत पुढे आडवी बांधली. बर्फाची पेटी आणि तवे चाकांच्या पुढे आणले. तरी मला पुरेसं वाटेना, म्हणून ट्रेलरचा आसच मागे सरकवायचा ठरवला. त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. गॅसची ज्योत लावून लाल केले, तेल सोडलं, दोघं लांब पाइप घालून पान्यावर लटकलो. एकाहत्तर आणि सहासष्ट वर्षांचे दोन जीव एका पाइपला लोंबकळताना कुणी बघितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात कळवलं असतं. दुपारी दोनला पहिला बोल्ट सुटला. चारला आस चौदा इंच मागे गेला होता. माझ्या न्हाणीघरातला वजनकाटा आणून दांडीखाली ठेवला. सातशे दहा पौंडांच्या भारात गाडीवर सत्तरेक पौंड दाब यायला हवा. काटा बहात्तरवर थांबला.

"दोन पौंड जास्त," मी म्हणालो.

"ते तुझे वजनकाट्यावरचे हात आहेत. काढ."

हात काढले. सत्तर.

जोडल्यावर गाडीची पाठ बोटभर खाली बसली. काल तेवढंच बघून आम्ही घाबरलो असतो. तिच्याबरोबर मी दार उघडून बसायला लागलो, तर म्हणाली, "तू उतर. दोघं गेलो तर म्हणतील, लेलंडने धरून ठेवली होती." आणि ती एकटी तळ्याच्या मागच्या रस्त्याला जाऊन आली. चौदा मैल. परत आली तेव्हा खिडकीतून फक्त कोपर बाहेर होतं आणि ती गाणं म्हणत होती. आर्डिथला गाता येत नाही.

शनिवारी सकाळी उताराच्या तळाशी, तळ्याकाठच्या लॉजच्या अंगणात सगळे ट्रक उभे. कडेला बटाट्यांचं पोतं आणि सोलायच्या दोन सुऱ्या, कर्टिसने व्यवस्थित मांडून ठेवलेल्या. डॉक्टर हॅलोरन पायरीवर उभे, हातात गळ, तोंडावर नाराजी. मी कामाचं निमित्त काढून आलो होतो. कसलं काम ते मला कुणी विचारलं नाही.

चर्चकडून निळी गाडी येताना दिसली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. उतारावर ती सावकाश आली नाही. पंचेचाळीसने आली, मला तिच्या इंजिनच्या आवाजावरून कळलं. पहिला उंचवटा. दुसरा. परवाच्या त्याच जागी गाडी उडाली, ट्रेलर उडाला, आणि दोघं एका रेघेत खाली येऊन एका रेघेत पुढे गेले. हिरवी होडी तिच्या मागून अशी आली की गाडी कुठे संपते आणि ट्रेलर कुठे सुरू होतो तेच कळू नये. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. लाजायचं काय त्यात? अभिमान होता तो. माझ्या बोल्टांचा थोडा आणि तिचा पुष्कळ.

ती अंगणात आली, वळली, आणि एका दमात ट्रेलर मागे घेऊन मर्लच्या उंच ट्रकशेजारी लावला. मग उतरून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"वायव्येचा आहे," ती म्हणाली. "आज इथे कुणाला मासा लागायचा नाही. लांबच्या तळ्याला जावं लागेल."

कर्टिसने ट्रेलरची दांडी बघितली, हूक बघितला, पुढे बांधलेली मोटर बघितली. बराच वेळ बघितली. मग बटाट्यांच्या पोत्याकडे बघितलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुमचं सामान आर्डिथच्या गाडीत ठेवू?"

"केव्हाचा विचारशील म्हणून उभा आहे," डॉक्टर म्हणाले.

"आणि बटाटे रे बाळा?" आर्डिथने विचारलं.

"मी सोलतो," कर्टिस म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. लांबच्या तळ्याचा रस्ता लाकूडतोडीचा, एकच गाडी जाईल एवढा, धुळीचा. सगळ्यांत जास्त वर्षं झालेला गाइड पुढे जातो, बाकीचे त्याच्या मागे त्याची धूळ खात जातात. पुढे जाणारा होडी ओढायचा थांबला की दुसऱ्या नंबरचा आपोआप पुढे होतो, काही न बोलता. दुसरा नंबर मर्लचा. आणि गुरुवारपासून मर्लच्या मनात तो पहिला झालेला होता, ते त्याच्या ट्रकच्या उभ्या राहण्यावरूनच दिसत होतं. तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू.

सगळे चढले. सगळी इंजिनं घुरघुरू लागली. कुणीच निघेना.

मर्ल ट्रकमधून खाली उतरला. तो आर्डिथच्या ट्रेलरपाशी आला, पुढे बांधलेल्या मोटरकडे बघितलं, चाकांच्या जागेकडे बघितलं. मग आपल्या ट्रेलरकडे गेला, खोबण उघडली आणि दांडीखाली एक बोट घातलं. दांडी वर आली. मर्लने आमच्याकडे पाठ केली होती, पण मान किती लाल झाली ते सगळ्यांनी बघितलं. मग तो वाकला आणि आपली मोटर सोडवायला लागला.

"मदत करू का?" मी विचारलं.

"तुझं काम बघ."

आर्डिथने खिडकीची काच खाली केली. मला वाटलं आता ती त्याला सोलून काढणार, आणि मर्ललाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने खांदे आखडून घेतले.

"घाई नाही मर्ल," ती म्हणाली. "पुढे रजई घाल खाली, नाहीतर फासळीला लागेल. आम्ही थांबतो."

आणि सगळे थांबले. मर्लची मोटर पुढे बांधून होईपर्यंत एकाही ट्रकने भोंगा वाजवला नाही. मग तो वर चढला, ट्रक दोन हात मागे घेतला, आणि तिच्यासाठी वाट मोकळी केली. निळी गाडी रस्त्याला लागली. तिच्या मागे मर्ल, आणि त्याच्या मागे एकेक करत बाकीचे चार. पाच धिप्पाड ट्रक, एका भाजी आणायच्या गाडीच्या मागून, तिच्याच वेगाने, तिचीच धूळ खात, झाडांत दिसेनासे होईपर्यंत मी बघत उभा राहिलो.